गेटवरच्या यंत्राची किल्ली समितीच्याच खिशात राहू द्या : विदर्भातल्या बाजार समित्यांना खुले पत्र

मा. सभापती, उपसभापती, सचिव आणि सर्व संचालक,
कृषी उत्पन्न बाजार समित्या, विदर्भ

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. घरी सात एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं आणि सीसीटीव्ही बसवण्याचं लहान दुकान. त्यामुळे हंगामात बाजाराचं गेट मला दोन्ही बाजूंनी दिसतं. कधी मी ट्रॅक्टरवर बसून रांगेत असतो, कधी शिडीवर चढून कॅमेऱ्याची वायर ओढत असतो.

हे पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे गाड्यांचे नंबर आपोआप वाचणाऱ्या गेटची कोटेशनं. गेल्या काही महिन्यांत अशी दोन-तीन कोटेशनं माझ्या पाहण्यात आली. दुकानदार म्हणून माझं मत विचारायला लोक ती घेऊन आले होते. असं गेट यायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या कागदांत यंत्र बंद पेटीत येणार होतं, नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जाणार होत्या, दर वर्षी शुल्क भरायचं होतं, आणि यंत्रानं नंबर चुकीचा वाचला तर तो कुणी दुरुस्त करायचा याबद्दल एक ओळही नव्हती. पाच वर्षांचं शुल्क धरलं तर एका गेटची रक्कम लाखांत जात होती. सही करण्याआधी आपण माझं म्हणणं वाचावं, एवढी विनंती आहे.

आधी माझ्या घरची गोष्ट सांगतो. डिसेंबर महिना होता, आमचा ट्रॅक्टर रात्री दोनला एका बाजाराच्या रांगेत लागला. पहाटे गेट उघडलं. गेटवरच्या माणसानं टॉर्चच्या उजेडात, थंडीनं आखडलेल्या बोटांनी रजिस्टरमध्ये नंबर लिहिला. शेवटचे चार आकडे होते ३८१७, त्याच्या हातून उतरले ३८७१. पुढे काट्यावरच्या पोरानं गाडीकडे पाहून नंबर टाकला, तो बरोबर होता. दुपारी ट्रॉली खाली झाली, रिकाम्या गाडीचं वजन झालं आणि आम्ही हिशेबाला बसलो. प्रवेश पावती एका नंबरची, वजनाच्या दोन्ही चिठ्ठ्या दुसऱ्याच नंबरच्या. अडत्यानं हात वर केले, ऑफिसनं अर्ज लिहून द्यायला सांगितलं. बाबा खिडकीसमोर उभं राहून एकच म्हणत होते, "गाडी माही, कापूस माहा, मी इथं उभा हाओ, अन् कागद म्हणते का हे गाडी आलीच नाही!"

पैसे मिळाले, पण चौथ्या दिवशी. मधल्या दिवसांत वेचणीच्या बायांची मजुरी उसनवारी करून द्यावी लागली. त्या गेटवरच्या माणसाचा मला राग नाही. रात्रभराची पाळी, समोर शंभर दिवे डोळ्यांवर, मागून हॉर्न, आणि हातात ओलसर रजिस्टर. त्याच्या जागी कुणीही चुकलं असतं.

म्हणून मी स्वतः हे यंत्र करून पाहायचं ठरवलं. आमच्या भागातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या मालकानं त्यांच्या गेटवर परवानगी दिली. एक पूर्ण हंगाम ते तिथं चाललं आणि अजून चालू आहे.

नंबर प्लेट वाचणं हे तंत्र नवं नाही. ब्रिटनमध्ये पोलिसांसाठी काम करणाऱ्या संशोधन शाखेनं ते १९७६ साली तयार केलं. तेव्हा ते सरकारी तिजोरीलाच झेपणारं होतं. आज त्यातला एकेक भाग खुल्या स्रोताच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतो, म्हणजे फुकट तर आहेच, शिवाय आत काय लिहिलंय ते उघडून वाचता येतं आणि बदलताही येतं. कॅमेऱ्यातून चित्र उचलणं, सरळ करणं, उजळणं हे ओपनसीव्ही करतं. इंटेल कंपनीत १९९९ साली हे काम सुरू झालं. चित्रात पाटी कुठे आहे ते शोधायला योलो या घराण्यातली मॉडेलं, म्हणजे भरपूर चित्रं दाखवून शिकवलेली सॉफ्टवेअरं आहेत. अक्षरं वाचायला मी आधी टेसरॅक्ट लावून पाहिलं. ते एचपी कंपनीत १९८०च्या दशकात जन्मलं आणि २००५ साली खुलं झालं. पण ते मुळात छापील पानं वाचण्यासाठी बनलेलं, चिखलानं माखलेल्या ट्रॅक्टरच्या पाटीसमोर ते चाचपडायचं. मग बायडू कंपनीनं खुलं केलेलं पॅडलओसीआर लावलं, त्यानं बरंच चांगलं वाचलं. नोंदी एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये पडतात. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन कुठेही नेता येते.

खर्चही सांगतो, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप आठ-दहा हजारांत मिळतो. दोन मेगापिक्सेलचा बुलेट कॅमेरा तीन हजारांच्या आसपास. एलईडी फोकस, लोखंडी पेटी, वायर, लहान प्रिंटर. इन्व्हर्टर जिनिंगचाच होता. माझं सगळं वीस हजारांच्या आत बसलं. माझे हात आणि रात्री त्यात धरलेल्या नाहीत, हे खरं आहे, आणि समितीनं हे काम कुणाकडून करून घेतलं तर त्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. तरी लाखांचा आकडा कुठे आणि हा कुठे!

पण पैशांपेक्षा मला जे शिकायला मिळालं ते महत्त्वाचं आहे. कोटेशन आणणाऱ्याला आपण काय विचारायचं, ते त्यातून कळतं.

कॅमेऱ्याचंच घ्या. आपण सगळे कॅमेरा पंधरा फुटांवर खांबाला टांगतो, सगळं पटांगण दिसावं म्हणून. राखणीसाठी ते ठीक, नंबर वाचायला निकामी. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. कॅमेऱ्यात बारा मीटर रुंदीचं दृश्य येत असेल तर ५०० मिलिमीटरच्या पाटीच्या वाट्याला ८० ठिपके येतात, आणि अक्षराची रेघ १० मिलिमीटरची, तिला दीड. एवढ्यात आठ आणि तीन यांतला फरक माणसालाही कळत नाही. तोच कॅमेरा छातीच्या उंचीवर आणून फक्त चार मीटर रुंदी दाखवायला लावला की त्याच पाटीला २४० ठिपके मिळतात. महागडा कॅमेरा न घेता, तोच खाली उतरवून हे साधतं.

दुसरी गोष्ट शटरची. गेटवर गतिरोधक असला तरी गाडी ताशी पाच किलोमीटरनं सरकतच असते, म्हणजे सेकंदाला सुमारे एक मीटर चाळीस सेंटिमीटर. कॅमेरा आपल्या मर्जीनं रात्री सेकंदाचा पन्नासावा भाग उघडा राहतो. तेवढ्यात गाडी पावणेतीन सेंटिमीटर पुढे गेलेली असते. गाडी जितकी तिरकी जाईल तितकी ती हालचाल चित्रात उतरते, आणि अक्षराची रेघ तर एकाच सेंटिमीटरची, मग ती पुसली जाणार नाही तर काय! शटर हातानं पाचशेव्या भागावर बांधून टाकलं की हीच हालचाल तीन मिलिमीटरच्या आत येते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ही एका मिनिटाची गोष्ट आहे. पण शटर कमी केलं की उजेड जास्त लागतो, म्हणून बाजूनं एलईडी फोकस. समोरून लावला तर चालकाच्या डोळ्यांवर येतो आणि नव्या चमकणाऱ्या पाट्या पांढऱ्याफट्ट होतात.

नव्या पाट्या म्हणजे एचएसआरपी, उच्च सुरक्षा नोंदणी पाट्या. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना त्या सक्तीच्या झाल्या, आणि जुन्या गाड्यांना लावण्याचं कामही राज्यात सुरू झालं, मुदती वाढत वाढत. यंत्राला त्या वाचायला सोप्या, कारण सगळीकडे अक्षर एकाच घडणीचं. पण त्यांच्या डाव्या कडेला निळ्या रंगात आयएनडी ही तीन अक्षरं असतात आणि माझं यंत्र पहिले काही दिवस तीही नंबरात जोडत होतं.

खरी परीक्षा आपल्या गाड्यांची. ट्रॅक्टरच्या नाकावर पेंटरनं हातानं रंगवलेला नंबर. तो कधी एका ओळीत, कधी दोन ओळींत, कधी कुणी हौसेनं देवनागरी आकड्यांत लिहिलेला. नियम इंग्रजी अक्षरं आणि आकडेच लावा असं सांगतो, पण गेटवर उभं राहून त्या शेतकऱ्याला नियम सांगत बसलो तर मागची रांग हायवेवर जाते. दसऱ्याला पूजा झालेल्या ट्रॅक्टरच्या पाटीवर झेंडूची माळ आठ-आठ दिवस लोंबत राहते. ट्रॉलीच्या मागच्या पाटीवर तर कापूसच ओसंडलेला असतो. परदेशातल्या गाड्यांच्या चित्रांवर शिकवलेल्या मॉडेलानं यातलं काहीच पाहिलेलं नसतं. त्याला आपली गाडी दाखवावी लागते.

आम्ही ती दाखवली. माझा भाचा आणि त्याचे पॉलिटेक्निकचे दोन मित्र रात्री दुकानात बसायचे. कॅमेऱ्यानं टिपलेल्या चित्रांवर लेबल स्टुडिओ या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये पाटीभोवती चौकट काढायची, खाली खरा नंबर टाइप करायचा. कंटाळवाणं काम, पण सगळं यश त्यातच आहे. मळलेल्या, माळा घातलेल्या, वाकलेल्या पाट्या आम्ही मुद्दाम वेगळ्या काढून जास्त दिल्या. दोन ओळींच्या पाटीत वरची ओळ आधी, खालची नंतर, हेही यंत्राला सांगावं लागलं, नाहीतर ते शेवटचे आकडे आधी आणून ठेवायचं. बंद पेटीच्या यंत्राला हे तुम्ही कसं शिकवणार? कंपनीला पत्र लिहाल, आणि कंपनीच्या दृष्टीनं एका तालुक्याच्या रंगवलेल्या ट्रॅक्टरांची किंमत किती?

इथे माझ्याकडून झालेली एक मोठी चूक मोकळेपणानं सांगतो, कारण ती विकत घेतलेल्या यंत्रातही असू शकते आणि तुम्हाला दिसणारही नाही.

भारतातल्या नंबराला ठराविक घडण आहे. आधी राज्याची दोन अक्षरं, मग आरटीओचे दोन आकडे, मग मालिकेची अक्षरं, शेवटी चारपर्यंत आकडे. (बीएच मालिका तेवढी वेगळी, ती वर्षाच्या आकड्यांनी सुरू होते.) यामुळे आकड्याच्या जागी यंत्रानं बी वाचलं तर ते आठ असणार, झेड वाचलं तर दोन, एस वाचलं तर पाच, हे नियमानं दुरुस्त करता येतं. मालिकेत ओ आणि आय ही अक्षरं वापरतच नाहीत, तोही आधार मिळतो. इथवर ठीक होतं. पण मी एक पाऊल पुढे गेलो. आधी येऊन गेलेल्या गाड्यांची यादी ठेवली आणि यंत्राला सांगितलं, वाचलेला नंबर यादीत नसेल पण यादीतल्या एखाद्याशी एकाच आकड्यानं चुकत असेल तर यादीतला धर. चार-पाच दिवस मी खूश होतो, चुका कमी दिसत होत्या. मग एका गावातून दोन चुलतभावांचे ट्रॅक्टर आले. एकाच शोरूममधून एकाच दिवशी घेतलेले, नंबर लागोपाठचे. पहिला यादीत होता, दुसरा नव्हता. दुसऱ्याचा कापूस पहिल्याच्या नंबरावर चढला. संध्याकाळी तो माणूस माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा मला खिडकीसमोर उभे असलेले बाबाच दिसले.

त्याच रात्री मी कोडमधल्या त्या चार ओळी काढून टाकल्या. आता यंत्र अंदाज करत नाही. गाडी गतिरोधकावर असताना त्याला तिची कितीतरी चित्रं मिळतात, प्रत्येक चित्र वेगळं वाचतं आणि बहुतेक चित्रांत एकच नंबर आला तरच तो धरतं. नाहीतर पडद्यावर पिवळी चौकट येते आणि गेटवरचा माणूस पाटीचं मोठं केलेलं चित्र पाहून नंबर स्वतः टाकतो. मला या चार ओळी काढता आल्या, कारण त्या माझ्यासमोर होत्या. पेटी बंद असती तर मला एवढंच दिसलं असतं की यंत्र हल्ली चुकत नाही. या पत्रातलं माझं मुख्य म्हणणं हेच आहे, सभापती साहेब. गेटवरची चूक पाहता येणं आणि ती त्याच रात्री आपल्या तालुक्यातच दुरुस्त करता येणं, हा हक्क विकून यंत्र घेऊ नका.

बाकी अडचणी किरकोळ होत्या, पण आपल्या मातीतल्या होत्या. सुरुवातीला मी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक लावला होता. त्यात घड्याळाची बॅटरी नसते. लाइट गेली, नेट नव्हतं, आणि परत सुरू झाल्यावर नोंदींवर आदल्या वेळेचे शिक्के पडले. आवक पावतीवर वेळ चुकणं म्हणजे रांगेतला क्रम चुकणं. उन्हाळ्यात लोखंडी पेटीत तो तापून मंद व्हायचा, ऐंशी अंशांच्या पुढे तो स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणून जुना डेस्कटॉप आणला, तर त्याच्या पंख्यात जिनिंगची रुई भरली. दहा दिवसांनी पेटी उघडली तेव्हा आत उशी भरल्यासारखा पांढरा थर होता. आता पेटीच्या जाळीवर मलमलचं फडकं बांधलंय आणि दर सोमवारी गेटवरचा माणूस ते झटकतो. हे कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

आता परवान्याबद्दल, हे सचिव साहेबांनी नीट वाचावं. खुलं सॉफ्टवेअर म्हणजे बेवारस नव्हे. ओपनसीव्ही आणि पॅडलओसीआर अपाचे परवान्याखाली आहेत, त्यांच्या अटी सैल आहेत. योलोच्या अलीकडच्या ज्या आवृत्त्या सगळीकडे वापरल्या जातात, त्या अल्ट्रालिटिक्स या कंपनीच्या, एजीपीएल परवान्याखाली. त्या परवान्याची अट अशी की हे सॉफ्टवेअर घालून केलेलं काम तुम्ही दुसऱ्याला दिलं किंवा बदलून नेटवर्कवरून वापरायला दिलं, तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रामही द्यावा लागतो. तसं नको असेल तर त्या कंपनीकडून वेगळा, पैशांचा परवाना घ्यावा लागतो. म्हणून कोटेशन आणणाऱ्याला सरळ विचारा, पेटीत कोणतं सॉफ्टवेअर आहे, कोणत्या परवान्याखाली? फुकटचं खुलं सॉफ्टवेअर पेटीत बंद करून तुम्हाला वर्षाच्या भाड्यानं मिळत असेल तर ते तुम्हाला कळायला हवं. ओपनएएलपीआर नावाचं नंबर वाचणारं असंच एक खुलं काम होतं. २०१९ साली तो व्यवसाय दुसऱ्या कंपनीनं विकत घेतला. पण जेवढा कोड आधी खुला झाला होता तो लोकांकडे राहिलाच. कंपनी हातची गेली तरी खुला कोड आपल्याजवळ राहतो.

केंद्र सरकारनं २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी खुल्या स्रोताच्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं. बाजार समिती १९६३ च्या राज्याच्या कायद्याखाली चालते, केंद्राचं ते धोरण तिला बंधनकारक नाही. पण ठराव लिहिताना आधार म्हणून ते चालेल.

एक मुद्दा मात्र मला पैशांपेक्षाही जड वाटतो. गेटवर नंबर वाचले की कोण कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळा माल घेऊन आला याची पक्की यादी तयार होते. आपल्याकडे या यादीला गिऱ्हाईक आहे. ट्रॅक्टरचे हप्ते थकलेत, वसुलीवाले गाडी ओढून न्यायला टपलेत, हे चित्र कुठल्या गावात नाही? सावकाराला कुणाचा कापूस विकला गेला हे त्याच दिवशी कळलं तर तो त्याच संध्याकाळी दारात येईल. शेतकऱ्यानं पैसे आधी दुकानदाराला द्यायचे, पोरीच्या फीसाठी ठेवायचे की सावकाराला, हे त्याचं त्यानं ठरवायचं असतं. आपल्या गेटच्या यादीनं ते ठरवता कामा नये. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, आणि २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदाही झाला. पण कायद्याचं राहू द्या, ज्या माणसाच्या जिवावर समितीचा सेस जमा होतो त्याच्याशी असलेल्या इमानाचा हा प्रश्न आहे.

जिनिंगच्या गेटवर आम्ही असं केलंय. कॅमेरा फक्त पाटीची जागा टिपतो, माणसाचा चेहरा चौकटीत येत नाही. नंबर पावतीत राहतो, कारण हिशेबाला तो लागतो. चित्रं पंधरा दिवसांनी आपोआप पुसली जातात, तोवर कुणाची तक्रार आली तर तेवढं चित्र बाजूला ठेवतो. संगणक इंटरनेटला जोडलेला नाही. घड्याळासाठी आठवड्यातून एकदा मोबाइलचं नेट लावतो आणि काढतो. मालकाचं नाव शोधायला आरटीओच्या माहितीशी जोडणी केलेली नाही, ती लागतही नाही, शेतकरी आपलं नाव स्वतः सांगतो. आणि गेटवर मराठीत पाटी लावली आहे, इथे गाडीचा नंबर यंत्रानं नोंदवला जातो, चूक असल्यास लगेच सांगा. ही पाटी लावल्यापासून लोक पडद्यात डोकावून आपला नंबर स्वतः तपासतात. कधी कधी त्यांचीच नजर यंत्राच्या आधी चूक पकडते.

बैलबंडीला नंबर नसतो. दुचाकीवर तुरीचं पोतं बांधून आणणाऱ्या माणसाला यंत्राच्या चौकटीत उभं करायची गरज नाही. म्हणून यंत्र आलं म्हणून गेटवरचा माणूस कमी करू नका. त्याचं काम बदलेल. टॉर्च आणि रजिस्टर जाईल, पडदा येईल, आणि अडलेल्याला वाट करून द्यायला त्याला वेळ मिळेल. ज्या समित्या ई-नामला, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन बाजाराला जोडल्या आहेत त्यांच्याकडे गेटवरच्या नोंदीची सोय आधीच आहे. नंबर तिथं हातानं टाइप होण्याऐवजी यंत्रातून आला तर तेवढीच एक पायरी कमी.

मला विचारतात, "तुम्ही उद्या पुण्याला गेलात तर हे कोण पाहील?" रास्त प्रश्न आहे. उत्तर एवढंच की हे माझ्या डोक्यात ठेवून चालणार नाही. कोड, सेटिंग, वायरिंगचं चित्र, चुकांची वही, सगळं लिहून समितीच्या कपाटात असलं पाहिजे. शेगाव, पुसद, सेवाग्राम, बडनेरा इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, तालुक्यांत आयटीआय आहेत. दर वर्षी तिथली मुलं प्रकल्प म्हणून काहीतरी करतात आणि निकालानंतर ते धूळ खातं. त्यांना आपलं गेट द्या. दोन मुलांना हंगामापुरतं मानधन द्या. एका समितीनं शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या समितीलाही चालेल, थोडे ट्रॅक्टर नव्यानं दाखवावे लागतील एवढंच. वणीकडे चंद्रपूरच्या एमएच ३४ आणि आदिलाबादच्या गाड्या जास्त, अचलपूरकडे मध्य प्रदेशातल्या बैतूलच्या. समित्यांनी एकमेकींना फक्त तयार मॉडेल द्यावं, मूळ चित्रं नाही.

आणि एवढं सांगूनही एखाद्या समितीनं कंपनीकडूनच यंत्र घ्यायचं ठरवलं, तर माझा विरोध नाही. फक्त करारात लिहून घ्या की नोंदी समितीच्या संगणकावर, साध्या उघडता येणाऱ्या फाइलमध्ये राहतील. यंत्राला खात्री नसेल तेव्हा ते माणसाला विचारेल, स्वतः अंदाज करणार नाही. करार संपला तरी गेट चालू राहील. आणि पैसे देण्याआधी एका दिवसाची हाताची नोंद आणि यंत्राची नोंद ओळीला ओळ लावून तपासा, तोही दसऱ्यानंतरचा, गर्दीचा, पहाटेचा दिवस घ्या. दुपारी बारा वाजता स्वच्छ कारचे नंबर वाचून दाखवणं कुणालाही जमतं.

माझ्या दुकानातर्फे मी कुठल्याही समितीचं हे कंत्राट भरणार नाही, ते इथेच जाहीर करतो. म्हणजे मी स्वतःच्या धंद्यासाठी बोलतोय अशी शंका राहायला नको. कोड आणि आमचं शिकवलेलं मॉडेल मागेल त्या समितीला देईन, एक दिवस येऊन कॅमेरा कुठे लावायचा ते दाखवीन. एसटीचं भाडं माझं मी देईन.

सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा झाली, पहिला वेचा घरी आला की जिनिंगचं गेट पहाटे पाचला उघडतं. त्या वेळी या. येताना तुमच्या गेटचं मागच्या हंगामातलं एक रजिस्टर आणि त्याच दिवसाच्या काट्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन या. चहा घेत दोन्हींतले नंबर जुळवून पाहू, किती जुळत नाहीत ते मोजू, आणि मग यंत्राकडे बघू.

आपला,
एक कापूस उत्पादक आणि कॅमेरे बसवणारा
यवतमाळ जिल्हा